संगणक जाळ्याचे तडितसंरक्षण

संगणक जाळ्याचे तडितसंरक्षण म्हणजे आकाशातील विजेमुळे उत्पन्न होणाऱ्या अतिदाबापासून राउटर, स्विच, मोडेम, सर्व्हर, वाय-फाय संच, आयपी कॅमेरे आणि त्यांना जोडणाऱ्या तारा यांचा बचाव करण्यासाठी योजलेल्या उपायांचा समूह होय. भूसंपर्क, समवर्चस् जोडणी, सर्ज संरक्षक, प्रकाशीय तंतूंचा वापर, तारांची योग्य मांडणी आणि वादळापूर्वी उपकरणे अलग करणे यांचा त्यात समावेश होतो. भूसंपर्कालाच व्यवहारात अर्थिंग आणि समवर्चस् जोडणीला बाँडिंग म्हणतात. वर्चस् म्हणजे एखाद्या बिंदूची विद्युत पातळी. दोन बिंदूंच्या वर्चसातील फरकालाच दाब म्हणतात व तो व्होल्टमध्ये मोजला जातो.

साध्या दिव्याला किंवा पंख्याला केवळ वीजपुरवठ्याची तार जोडलेली असते. जाळ्यातील उपकरणाला मात्र एका बाजूने वीजपुरवठ्याची आणि दुसऱ्या बाजूने माहितीची तार जोडलेली असते, आणि या दोन तारा बहुधा वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या असतात. वीज कोसळल्यावर त्या ठिकाणांच्या वर्चसात क्षणभर हजारो व्होल्टांचा फरक पडतो आणि तो उपकरणाच्या आतच मिटतो. म्हणून उपकरणापर्यंत येणारे सर्व धातुमार्ग एकाच वर्चसावर ठेवणे आणि ते शक्य नसेल तेथे धातुमार्गच खंडित करणे, हे या संरक्षणाचे मूलतत्त्व मानले जाते.

## पार्श्वभूमी

बेंजामिन फ्रँकलिन यांच्या १७५२ सालच्या पतंगाच्या प्रयोगानंतर इमारतींवर तडितरक्षक बसवण्याची पद्धत रूढ झाली. तडितरक्षकाचा हेतू इमारत आगीपासून व पडझडीपासून वाचवणे हा होता. लांब तारांना जोडलेल्या उपकरणांचा प्रश्न एकोणिसाव्या शतकात तारायंत्राबरोबर उभा राहिला. मैलोन्‌मैल पसरलेल्या तारांवर विजेमुळे दाब उत्पन्न होऊन तार कार्यालयातील यंत्रे जळत असत. त्यावर उपाय म्हणून तार आणि जमीन यांच्यात लहानशी फट असलेले संरक्षक बसवण्यात येऊ लागले. दाब वाढताच त्या फटीत ठिणगी पडून प्रवाह जमिनीत जाई. दूरध्वनी केंद्रांत याच तत्त्वावरील कार्बनचे ठोकळे आणि पुढे वायुविसर्जन नलिका वापरात आल्या.

इथरनेट या जाळे-पद्धतीचा आरंभ १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात झाला. आरंभीच्या जाळ्यात सर्व संगणक एकाच समाक्ष केबलला जोडलेले असत. १९९० मध्ये पीळदार जोडतारांवर चालणाऱ्या इथरनेटचे मानक प्रसिद्ध झाले. त्यात उपकरणाच्या प्रत्येक जोडणीत लहान रोहित्र असल्याने तार आणि आतील मंडल यांचा थेट धातुसंपर्क उरला नाही. ही सुधारणा उपयुक्त ठरली, तरी तिची सहनक्षमता मर्यादित आहे.

## विजेचे स्वरूप

ढगातून जमिनीवर येणाऱ्या विजेच्या पहिल्या मुख्य झोताचा शिखरप्रवाह सामान्यतः ३० किलोअँपिअरच्या आसपास असतो. क्वचित प्रसंगी तो २०० किलोअँपिअरपर्यंतही पोहोचतो. हा प्रवाह काही मायक्रोसेकंदांत शिखर गाठतो आणि त्यानंतर तुलनेने सावकाश ओसरतो. एकाच विजेत असे अनेक झोत लागोपाठ येऊ शकतात.

इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या दृष्टीने प्रवाहाच्या परिमाणाइतकाच त्याच्या वाढीचा वेगही घातक असतो. वेगाने बदलणारा प्रवाह सभोवार वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो आणि ते क्षेत्र जवळपासच्या प्रत्येक तारेत दाब प्रवर्तित करते. विजेचा प्रवाह ज्या वाहकातून जातो, त्याच्या लांबीवरही याच कारणाने मोठा दाब उत्पन्न होतो. सरळ तारेचे प्रवर्तकत्व दर मीटरला सुमारे १ मायक्रोहेन्री धरले जाते. प्रवाह दर मायक्रोसेकंदाला १ किलोअँपिअर या वेगाने वाढत असेल, तर तारेच्या प्रत्येक मीटरवर सुमारे १,००० व्होल्ट दाब पडतो. तार कितीही जाड घेतली तरी हा दाब फारसा कमी होत नाही. त्यासाठी तार आखूड असावी लागते.

## हानीचे मार्ग

### थेट आघात

इमारतीवर, गच्चीवरील अँटेनावर किंवा दोन इमारतींदरम्यान टांगलेल्या तारेवर वीज पडल्यास प्रवाहाचा काही भाग सरळ जाळ्यात शिरतो. असा प्रसंग तुलनेने विरळा असतो, परंतु त्यात होणारी हानी सर्वाधिक असते. बहुधा उपकरणाबरोबर तारही जळते.

### प्रवर्तन

वीज काही अंतरावर पडली तरी हानी होऊ शकते. वीजपुरवठ्याची तार एका भिंतीने आणि माहितीची तार दुसऱ्या भिंतीने नेलेली असेल, तर उपकरणाशी दोन्ही मिळून मोठा वेढा तयार होतो. १०० मीटर अंतरावर पडलेल्या विजेचा प्रवाह दर मायक्रोसेकंदाला १० किलोअँपिअरने वाढत असल्यास, १० मीटर लांब व १० मीटर रुंद अशा वेढ्यात सुमारे २,००० व्होल्ट दाब उत्पन्न होतो. दोन्ही तारा एकमेकींलगत नेल्यास वेढ्याचे क्षेत्रफळ घटते व त्याच प्रमाणात दाबही घटतो.

### भूवर्चसातील वाढ

विजेचा प्रवाह जमिनीत शिरताना तेथील जमिनीचे वर्चस् वाढते. भूसंपर्काचा रोध ५ ओहम असेल आणि त्यातून ३० किलोअँपिअर प्रवाह गेला, तर केवळ रोधाच्या हिशेबाने त्या जागेचे वर्चस् १,५०,००० व्होल्टांनी उंचावते. त्या वेळी काही अंतरावरील दुसऱ्या इमारतीचा भूसंपर्क जवळजवळ मूळ पातळीवरच असतो.

उदाहरणार्थ, एखाद्या शाळेच्या दोन इमारती ६० मीटर अंतरावर असून मुख्य इमारतीतील राउटरपासून संगणक कक्षातील स्विचपर्यंत तांब्याची जाळेतार टाकलेली आहे, असे मानता येईल. मुख्य इमारतीवर वीज पडल्यास त्या इमारतीचे संपूर्ण विद्युतमंडल क्षणभर उंच वर्चसावर जाते. संगणक कक्षाला त्या वर्चसाशी जोडणारा सोपा मार्ग म्हणजे ती जाळेतार. त्यामुळे दोन्ही टोकांची उपकरणे आणि पुष्कळदा स्विचला जोडलेले संगणकही एकाच वेळी निकामी होतात. संगणक कक्षावर वीज पडलेली नसते, तरी हानी तेथेही पोहोचते.

### वीजपुरवठ्याच्या तारांतून

खांबावरील वीजवाहिनीवर किंवा तिच्या जवळ वीज पडली, तर अतिदाबाची लाट वाहिनीतून घरातील वायरिंगमध्ये येते. मोडेम वा राउटर यांचा वीजपुरवठा संच अशा वेळी प्रथम बळी पडतो. लाट मोठी असल्यास ती उपकरण ओलांडून माहितीच्या तारेतून पुढे जाते.

## उपकरणांची सहनक्षमता

इथरनेटच्या मानकानुसार जोडणीच्या रोहित्राने ५० ते ६० हर्ट्‌झचा १,५०० व्होल्ट प्रत्यावर्ती दाब ६० सेकंद सहन करणे आवश्यक असते. इमारतीच्या आतील किरकोळ अतिदाबांसाठी ही मर्यादा पुरेशी ठरते. बाहेरून आलेल्या तारेवर ती सहज ओलांडली जाते. २३० व्होल्टांच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या साधनांचे आवेगदाब सहन करण्याच्या क्षमतेनुसार चार वर्ग केलेले आहेत: पुरवठ्याच्या प्रवेशस्थानी ६ किलोव्होल्ट, स्थायी वायरिंगमध्ये ४ किलोव्होल्ट, सामान्य घरगुती उपकरणांसाठी २.५ किलोव्होल्ट आणि नाजूक उपकरणांसाठी १.५ किलोव्होल्ट.

हानी नेहमीच दृश्य स्वरूपाची नसते. स्विचची एखादीच जोडणी बंद पडणे, जोडणीचा वेग घटणे, उपकरण वारंवार आपोआप चालू-बंद होणे ही अंशतः हानीची लक्षणे असू शकतात. असे उपकरण काही आठवड्यांनंतर स्वच्छ हवामानातही बंद पडते आणि मग कारण ओळखणे कठीण जाते.

## संरक्षणाचे उपाय

आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाचे आयईसी ६२३०५ हे चार भागांचे मानक तडितसंरक्षणाचा मुख्य आधार मानले जाते. त्याचा चौथा भाग इमारतीतील विद्युत व इलेक्ट्रॉनिक प्रणालींविषयी आहे. भारतीय मानक ब्यूरोने हे मानक स्वीकारले असून भूसंपर्कासाठी आयएस ३०४३ ही स्वतंत्र संहिता आहे. दूरसंचार उपकरणांसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या के मालिकेतील शिफारशी वापरल्या जातात. या मानकांत इमारतीची क्षेत्रांत विभागणी केली जाते. उघड्या जागेपासून आतल्या खोलीपर्यंत जाताना प्रत्येक क्षेत्राच्या सीमेवर अतिदाब टप्प्याटप्प्याने कमी करत नेणे, ही त्यामागील कल्पना आहे.

### भूसंपर्क व समवर्चस् जोडणी

वीजपुरवठा, दूरध्वनी, केबल, अँटेना आणि नळ यांसारखे सर्व धातुमार्ग इमारतीत शक्यतो एकाच ठिकाणी आणावेत व तेथील तांब्याच्या मुख्य पट्टीला जोडावेत. ही पट्टी इमारतीच्या भूसंपर्काला जोडलेली असते. वीज पडल्यावर पट्टीचे वर्चस् उंचावले तरी तिला जोडलेले सर्व मार्ग एकत्रच उंचावतात आणि त्यांच्यातील फरक मर्यादित राहतो. तडितसंरक्षणासाठी भूसंपर्काचा रोध शक्यतो १० ओहमपेक्षा कमी असावा, अशी शिफारस आहे. मात्र रोध कितीही कमी असला तरी समवर्चस् जोडणीवाचून उपकरणे सुरक्षित होत नाहीत.

संगणकांसाठी इतर कशाशीही न जोडलेला स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा घेण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. वीज पडल्यावर असा खड्डा आणि इमारतीचा मुख्य भूसंपर्क यांच्यात प्रचंड दाब निर्माण होतो व तो संगणकांतूनच मिटतो. म्हणून एका इमारतीतील सर्व भूसंपर्क एकमेकांना जोडलेले असणे आवश्यक असते.

### सर्ज संरक्षक

क्षणिक अतिदाबाला सर्ज म्हणतात. सर्ज संरक्षक नेहमीच्या दाबाला निष्क्रिय राहतो आणि दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की प्रवाह वळवतो. त्यात प्रामुख्याने तीन घटक वापरले जातात.

* वायुविसर्जन नलिका: मोठा प्रवाह वाहून नेते, परंतु कार्यान्वित होण्यास तुलनेने वेळ घेते.
* धातु-ऑक्साइड व्हॅरिस्टर: वेगवान असतो व वीजपुरवठ्याच्या संरक्षकांत सर्वत्र आढळतो. प्रत्येक मोठ्या सर्जबरोबर तो झिजतो.
* सर्ज-दमन डायोड: अत्यंत वेगवान व अचूक असतो, मात्र थोडाच प्रवाह सहन करतो. माहितीच्या तारांवर तो वायुविसर्जन नलिकेच्या जोडीने वापरला जातो.

वीजपुरवठ्याच्या संरक्षकांचे तीन प्रकार आहेत. तडितरक्षक असलेल्या इमारतीच्या मुख्य फलकावर प्रकार १, वितरण फलकावर प्रकार २ आणि उपकरणाजवळ प्रकार ३ बसवतात. प्रकार १ ची चाचणी १०/३५० मायक्रोसेकंदांच्या आणि प्रकार २ ची ८/२० मायक्रोसेकंदांच्या प्रवाहलहरीने केली जाते. यातील पहिला आकडा प्रवाह वाढण्याचा आणि दुसरा तो निम्म्यावर येण्याचा काळ दर्शवतो.

संरक्षकाच्या जोडतारांची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवण्याची शिफारस केली जाते. चांगल्या प्रतीचा संरक्षक लांब तारेने जोडल्यास तारेवरील दाब संरक्षकाच्या दाबात मिळतो आणि उपकरणापर्यंत पोहोचतो. माहितीच्या तारेवरील संरक्षक आणि त्याच उपकरणाच्या वीजपुरवठ्यावरील संरक्षक एकाच पट्टीला जोडणेही तितकेच महत्त्वाचे असते. लहान कार्यालयात दोन्ही सोयी एकाच पेटीत असलेला संरक्षक याच कारणाने सोयीचा ठरतो. जाळेतारेतूनच वीजपुरवठा होणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी ५७ व्होल्टांपर्यंतचा दाब निर्वेध जाऊ देणारा संरक्षक निवडावा लागतो.

### प्रकाशीय तंतू

काचेचा तंतू वीजवाहक नसल्याने तो दोन इमारतींमधील वर्चसातील फरक वाहून नेऊ शकत नाही. इमारतींदरम्यानच्या जोडणीसाठी हा सर्वात खात्रीचा उपाय आहे. वरील उदाहरणातील शाळेने दोन इमारतींदरम्यान तंतू टाकून दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर बसवले, तर एका इमारतीवरील आघात जाळेतारेतून दुसरीकडे जाऊ शकत नाही. तांब्याच्या इथरनेट तारेला असलेली १०० मीटरची मर्यादाही तंतूला लागू नसते.

तंतूच्या केबलला आधारासाठी पोलादी तार किंवा संरक्षक धातूचे वेष्टन असेल, तर ते वीज वाहून नेते. अशी तार इमारतीच्या प्रवेशस्थानी भूसंपर्काच्या पट्टीला जोडावी लागते किंवा पूर्णतः अधातू केबल वापरावी लागते. उपकरणाचा वीजपुरवठा तंतूमुळे सुरक्षित होत नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते.

### तारांची मांडणी व गच्चीवरील उपकरणे

एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उघड्यावर टांगलेली तांब्याची जाळेतार सर्वाधिक धोक्याची असते. इमारतीच्या आत माहितीच्या व वीजपुरवठ्याच्या तारा समांतर व जवळून नेल्याने वेढा लहान राहतो. तथापि विद्युत सुरक्षेसाठी त्यांच्यात ठरवलेले अंतर पाळावे लागते. तडितरक्षकाच्या खाली उतरणाऱ्या वाहकापासून दोन्ही तारा दूर ठेवतात.

गच्चीवरील अँटेना व कॅमेरे तडितरक्षकाच्या संरक्षित कक्षेत, त्याच्या टोकापेक्षा खाली असावेत. ही कक्षा ठरवण्यासाठी इमारतीवरून एक काल्पनिक गोल फिरवला जातो. संरक्षणाच्या पातळीनुसार त्याची त्रिज्या २०, ३०, ४५ किंवा ६० मीटर धरतात. गोल ज्या भागाला स्पर्श करतो तेथे वीज पडू शकते, असे मानले जाते. अँटेनाचा खांब भूसंपर्काला जोडावा आणि तिची तार इमारतीत शिरते त्या ठिकाणी संरक्षक बसवावा, अशी रीत आहे.

## महाराष्ट्रातील परिस्थिती

महाराष्ट्रात मोसमी पावसापूर्वीच्या वळवाच्या सरींबरोबर आणि मोसमी पाऊस परततेवेळी विजांचे प्रमाण अधिक असते. विदर्भ व मराठवाड्यात शेतात काम करणारी माणसे आणि गुरे विजेने दगावल्याच्या घटना दरवर्षी नोंदल्या जातात. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशीय तंतू पोहोचवणारा केंद्र शासनाचा भारतनेट प्रकल्प, शाळांतील संगणक कक्ष आणि रस्त्यांवरील कॅमेरे यांमुळे नाजूक उपकरणे आता अशा गावांतही आली आहेत, जेथे पूर्वी विजेने बिघडण्याजोगे फारसे काही नव्हते.

वळवाची वादळे येतात तेव्हा जमीन वर्षातील सर्वाधिक कोरडी असते. उन्हाळ्यात काळी माती आक्रसून भेगाळते व भूसंपर्काच्या पट्टीपासून सुटते. डोंगराळ भागात बेसाल्ट खडकावर मातीचा थर पातळ असल्याने रोध मुळातच जास्त असतो. पावसाळ्यात मोजलेला समाधानकारक रोध एप्रिल-मे महिन्यांत कित्येक पटींनी वाढलेला असू शकतो. खड्ड्यात मीठ व कोळसा घालण्याची जुनी पद्धत रोध कमी करते, परंतु मीठ पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाते आणि धातूचा क्षयही करते. खडकाळ जागी इमारतीभोवती कड्यासारखी पट्टी पुरणे एका खोल खड्ड्यापेक्षा अधिक उपयुक्त ठरते.

पुण्यातील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप वापरकर्त्याच्या परिसरातील विजांची पूर्वसूचना देते. तिचा उपयोग जीवितरक्षणाबरोबरच उपकरणे वेळेत अलग करण्यासाठीही होतो.

## प्रचलित गैरसमज

* ‘एमसीबीमुळे उपकरणे वाचतात.’ एमसीबी प्रवाह तोडण्यास मिलिसेकंद घेते, तर सर्ज मायक्रोसेकंदांत येऊन जातो. एमसीबी वायरिंगला अतिभार व लघुमंडलापासून वाचवते.
* ‘यूपीएस असल्यावर आणखी काही नको.’ यूपीएस वीजपुरवठ्याच्या मार्गाने येणारा काही अतिदाब थोपवतो. माहितीच्या तारेतून येणारा अतिदाब त्याला वगळून उपकरणात शिरतो.
* ‘स्पाईक गार्ड कोणत्याही सॉकेटमध्ये चालतो.’ तिसऱ्या पिनेला भूसंपर्क नसल्यास त्यातील बराचसा भाग निरुपयोगी ठरतो.
* ‘तडितरक्षक असल्यावर संगणक सुरक्षित असतात.’ तडितरक्षक इमारतीचे रक्षण करतो. त्याच्यातून वाहणारा प्रवाहच आतील तारांत दाब प्रवर्तित करतो.
* ‘वादळात जळलेले प्रत्येक उपकरण विजेमुळेच जळते.’ वादळात न्यूट्रल तार तुटल्यास घरात ४०० व्होल्टांपर्यंतचा दाब बराच काळ राहू शकतो. असा दीर्घ अतिदाब सर्ज संरक्षक सोसू शकत नाही, उलट तो स्वतःच जळतो. त्यासाठी अतिदाब होताच पुरवठा तोडणारे वेगळे साधन लागते.

## देखभाल

मोसमी पावसापूर्वी, जमीन कोरडी असताना, भूसंपर्काचा रोध मोजणे श्रेयस्कर मानले जाते. सैल झालेले नटबोल्ट, गंजलेल्या पट्ट्या आणि रंगकामात किंवा दुरुस्तीत तोडलेले जोड ही अपयशाची नेहमीची कारणे आहेत. वितरण फलकावरील संरक्षकाच्या खिडकीतील हिरवा रंग जाऊन लाल दिसू लागल्यास त्यातील भाग बदलावा लागतो. माहितीच्या तारेवरील अनेक संरक्षकांना असा दर्शक नसतो, त्यामुळे मोठ्या आघातानंतर ते तपासून घ्यावे लागतात. नवीन तार किंवा कॅमेरा बसवताना ती मुख्य पट्टीला वगळून इमारतीत आणली गेल्यास आधीची सर्व व्यवस्था कुचकामी ठरते.

जाळ्यातील माहितीची प्रत वेगळ्या ठिकाणी, शक्यतो जाळ्यापासून तोडलेल्या साधनावर, ठेवली जाते. उपकरण पुन्हा विकत घेता येते. कार्यालयाच्या नोंदी किंवा विद्यार्थ्यांचे काम पुन्हा मिळवता येईलच असे नाही.

## मर्यादा व व्यक्तींची सुरक्षितता

कोणताही उपाय थेट आघातापासून संपूर्ण हमी देत नाही. घरगुती किंवा लहान कार्यालयीन जाळ्यासाठी वादळ येण्यापूर्वी उपकरणाचा वीजपुरवठा आणि माहितीची तार दोन्ही काढून ठेवणे हा सर्वात स्वस्त व परिणामकारक उपाय होय. केवळ बटण बंद केल्याने तार तुटत नाही, आणि केवळ वीजपुरवठा काढल्यास माहितीच्या तारेचा मार्ग खुला राहतो. काढलेल्या तारांची टोके उपकरणापासून दूर ठेवावी लागतात.

हे काम वादळ सुरू झाल्यानंतर करू नये. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज सुमारे १० किलोमीटरच्या आत पडलेली असते. त्या वेळी तारांना हात लावणे, तारेचा दूरध्वनी वापरणे, गच्चीवर जाऊन अँटेना उतरवणे किंवा खांबावर चढणे जिवावर बेतू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे थांबण्याचा नियम वायरमन आणि केबल जोडणाऱ्या कामगारांनाही लागू होतो. वादळ सुरू झाल्यानंतर तार काढायची राहून गेली असेल, तर ती तशीच राहू द्यावी लागते.